केनियात पाळकांना शिकवायला जाताय? रूथ घ्या

जालना-बीडकडून कुणी केनियातल्या पाळकांचे (चर्चच्या पास्टरांचे) बायबल क्लास घ्यायला निघालं असेल तर पहिल्याच दिवशी रोमकरांस पत्र काढू नका, लई जड जातं. बायबलमधलं रूथचं पुस्तक घ्या. अध्याय ४, वचनं ८५, अन् दुभाष्या स्वाहिलीत सांगणार म्हणजे तासाभरात शिकवणं अर्ध्या तासाचंच होतं, त्यात एक अध्याय बसतो. दुभाष्याला वचनं आदल्या रात्रीच दाखवून ठेवा. रूथच्या गोष्टीतला दुष्काळ, गाव सोडणं, सरवा वेचणं हे आपल्या मराठवाड्यात कुणाला समजवावं लागतं का, तसंच शेती करणाऱ्या पाळकांनाही लागत नाही, म्हणून प्रश्न विचारा अन् गप्प बसा, बोलू द्या त्यांना.

अन् हो, यलो फीवरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी, कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, परतताना आपल्याच एअरपोर्टवर मागतात.