पब्लिक चार्जिंगला गाडी लावायची कशी: आधी गन, मग अ‍ॅप

इलेक्ट्रिक गाडीसाठी घरी चार्जिंग पॉइंट असेल तर घरीच चार्ज करा, त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. हे लिहितोय ते आमच्यासारख्यांसाठी, ज्यांच्या सोसायटीत पॉइंट बसवण्यावरून तीन वर्षं फक्त मीटिंगा चालल्यात. त्या तीन वर्षांत मी पुण्यात मॉल, पेट्रोल पंप, हायवेवरची हॉटेलं सगळीकडे गाडी लावली आणि कुणी "अ‍ॅप उघडा, क्यूआर स्कॅन करा, झालं" असं सांगितलं की आता डोकंच फिरतं. तसं होत असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

अ‍ॅप आधीच टाकून ठेवा, दोन-तीन चार्जिंग कंपन्यांची. ओटीपी वगैरे प्रकार घरीच उरका, कारण निम्मे चार्जर बेसमेंटमध्ये असतात आणि तिथे रेंज नसते. वॉलेटमध्ये दोन-तीनशेच टाका, रिफंड येतो पण त्याच्या सवडीने येतो. रेट बघताना जीएसटी धरलाय का ते बघा, २० रुपये युनिट दिसलं आणि त्यावर १८ टक्के लागला की २३ रुपये ६० पैसे पडतात.

निघण्यापूर्वी अ‍ॅपवर चार्जर हिरवा दिसतो यावर जाऊ नका. हिरवा म्हणजे चालू, समोर कुणी पेट्रोलची गाडी लावून पिक्चरला गेलाय का ते अ‍ॅपला दिसत नाही. त्या ठिकाणचे अलीकडचे रिव्ह्यू वाचा. आणि गुरुवारी निघताना जरा जपून, पुण्यात गुरुवार हा मेंटेनन्सला लाईट जायचा दिवस, चार्जरलाही लाईटच लागते. गन, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग, कुठली तेही बघा. आत्ताच्या बहुतेक गाड्यांना फास्ट चार्जिंगला सीसीएस-टू लागते, म्हणजे वर गोल भाग आणि खाली दोन जाड पिना. जुन्या सरकारी चार्जरवर कधीकधी वेगळीच गोल गन असते, ती आपल्याला बसत नाही.

आता खरी गोष्ट. गन लावली आणि चार्जिंग सुरू झालं, या दोन्हींच्या मध्ये जो एक मिनिट असतो ना, सगळे घोळ तिथे होतात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझ्यासोबत झालं ते सांगतो. सुरुवातीला एका मॉलच्या बेसमेंटमध्ये गन लावली, स्टार्ट दाबलं, स्क्रीनवर काहीतरी हिरवं लुकलुकलं, म्हटलं झालं, आणि वर जाऊन निवांत डोसा खाल्ला. पाऊण तासाने खाली आलो तर गाडी १४ टक्क्यांवर लावलेली १४ टक्क्यांवरच. वॉलेटमधून पैसे मात्र कापलेले, ते आले आठ दिवसांनी. असं तीनदा झालं, मग एका चार्जरवरच्या वॉचमन काकांनी सांगितलं, "साहेब, गन जरा वर उचलून धरा की." धरली. टक्. चालू!

त्याचं कारण नंतर कळलं. गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात ते गनच्या वरच्या दोन बारीक पिनांमधून. डीसीची, म्हणजे फास्ट चार्जरची, केबल भलती जड, ती गनचं हँडल खाली ओढते, मग वरची बाजू किंचित सुटते आणि नेमकं हे बोलणंच तुटतं. खालच्या जाड पिना घट्ट बसलेल्या असतात म्हणून आपल्याला वाटतं गन नीट बसली.

म्हणून मी करतो ते असं. गाडी पार्कमध्ये टाकून बंद करायची. गन सरळ आत, पूर्ण ढकलायची आणि एका हाताने खालून आधार देऊन धरून ठेवायची. मग दुसऱ्या हाताने अ‍ॅप. अ‍ॅपमध्ये गन एक की दोन ते नीट बघा, मी एकदा शेजारच्या गाडीचं चार्जिंग माझ्या पैशाने सुरू करायच्या बेतात होतो. स्टार्ट एकदाच दाबायचं. मग गाडीचं लॉक टक् करून पडतं, चार्जर स्वतःची तपासणी करतो, आतून खटखट आवाज येतात, अर्धा मिनिट काहीच होत नाही असं वाटतं. इथेच लोक घाबरून पुन्हा स्टार्ट दाबतात किंवा गन हलवतात आणि सगळं बिघडवतात. हात लावू नका! लॉक पडलं की हात सोडला तरी चालतो.

फेल झालंच तर अ‍ॅपमध्ये स्टॉप करा, गन काढा, गाडी लॉक करून दोन मिनिटं थांबा, परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदाही नाही झालं तर चार्जरवरचं इमर्जन्सी स्टॉपचं लाल गोल बटण बघा, कुणीतरी पोराने दाबून ठेवलेलं असतं, ते फिरवलं की वर येतं. तरीही नाही तर चार्जरवरच्या नंबरवर फोन करून "रिमोटली रीस्टार्ट करा" म्हणा, हेच शब्द वापरा, नाहीतर ते तुम्हाला अ‍ॅप अनइन्स्टॉल करायला सांगतात.

आणि जागेवरून हलायचं कधी? गाडीच्या स्क्रीनवर किलोवॅटचा, म्हणजे चार्जिंगच्या वेगाचा, आकडा स्थिर दिसला आणि निदान एक टक्का वाढला की. तोवर डोसा नाही. ६० किलोवॅटच्या चार्जरवर ३०च मिळत असतील तर बहुतेक दुसऱ्या गनला कुणी लावलीये, दोघांत वाटून जातं, त्यावर भांडू नका.

माझ्या ४०.५ युनिटच्या बॅटरीला २० ते ८० टक्के म्हणजे साधारण २४ युनिट, पाऊण-एक तास. ८० नंतर वेग मरतो, मागे कुणी उभं असेल तर काढा गाडी.

गन निघत नसेल तर ओढू नका, आधी अ‍ॅपमधून स्टॉप, मग गाडी अनलॉक. काही गाड्यांना हाताने लॉक सोडवायची दोरी असते, ती कुठे आहे ते आजच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. मी ती पहिल्यांदा शोधली रात्री साडेअकराला, पावसात, मोबाईल तोंडात धरून.

आणि गन परत होल्डरमध्ये लावा हो. आमच्या नेहमीच्या चार्जरवर कुणीतरी ती खाली टाकून गेला, त्यावरून एसयूव्ही गेली, दोन नंबरची गन गेला दीड महिना बंद आहे.