झिओलाइटवर काम सुरू करताय? आधी टेम्प्लेट समजून घ्या

कोयलीची रिफायनरी आणि जुनी आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी यांच्यामुळे 'कॅटॅलिस्ट' (उत्प्रेरक) हा शब्द बडोद्यातल्या मराठी घरांतही सहज बोलला जातो. त्यामुळे आमच्याकडे एम.एस्सी.नंतर झिओलाइटकडे, म्हणजे कॅटॅलिस्ट म्हणून वापरल्या जाणाऱ्या, सूक्ष्म वाहिन्यांच्या सच्छिद्र स्फटिकांकडे वळणारी मुलं दरवर्षी भेटतात. त्यातली बरीचशी पहिल्या दिवसापासून एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) आलेखामागे लागतात. मी त्यांना कळकळीने सांगते, आधी टेम्प्लेटचा, म्हणजे ज्याच्याभोवती स्फटिकाची चौकट घडते तो सेंद्रिय रेणू नीट समजून घ्या.

बॅरर आणि डेनी यांनी १९६१ मध्ये टेट्रामिथाइलअमोनियम वापरून झिओलाइट बनवले, तेव्हापासून सेंद्रिय रेणूंनी रचना घडवण्याची वाट रुळली. सुरुवात झेडएसएम-५ या झिओलाइटने करा. त्याचा टेम्प्लेट टेट्राप्रोपाइलअमोनियम. सरळ आणि नागमोडी वाहिन्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे तो बसतो आणि आपले चार हात चार बाजूंच्या वाहिन्यांत पसरतो. एका एकक पेशीत (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ तुकड्यात) असे चार छेद असतात आणि चौकटीतले सिलिकॉन व अॅल्युमिनियमचे अणू मिळून ९६. आता वही घ्या. शुद्ध सिलिकाची चौकट धरून चार रेणूंचं वजन काढलं, की एकूण वजनाच्या ११ ते १२ टक्के येतं. टीजीएमध्ये (तापवताना होणारी वजनाची घट मोजणाऱ्या चाचणीत) पाण्याची घट सोडून साधारण तेवढीच घट दिसायला हवी. बरीच कमी दिसली तर नमुन्यात स्फटिक न झालेली सिलिका उरली असण्याची दाट शक्यता आहे. हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा मला जो आनंद झाला, तो अजून ताजा आहे.

रेणू निवडताना तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे झिओलाइट बनवण्याच्या बंद दाबपात्रात टिकेल का, हेही बघा. तीव्र अल्कली आणि १५०-१८० अंश तापमान यांत बरेच चतुर्थक अमोनियम रेणू (नायट्रोजनला चार कार्बन-गट जोडलेले) हॉफमन विलोपनाने, म्हणजे दुहेरी बंध तयार होणाऱ्या अभिक्रियेने तुटून अमाइन होतात. एसएसझेड-१३ या दुसऱ्या झिओलाइटसाठी वापरतात तो अॅडमँटाइलचा रेणू मात्र टिकतो, कारण त्याच्या पिंजऱ्यासारख्या सांगाड्यात दुहेरी बंध बसतच नाही.

खर्चाचं म्हणाल, तर टेम्प्लेटचं हायड्रॉक्साइड महाग पडतं. त्याचं ब्रोमाइड आणि कॉस्टिक सोडा घेऊनही झेडएसएम-५ होतो. पण सोडियम सोबत येतो, म्हणून आम्लरूप हवं असेल तर अमोनियम क्षारासोबत आयन-विनिमय करावा, म्हणजे सोडियमच्या जागी अमोनियम आणावा लागतो.

ऑटोक्लेव्हमधलं टेफ्लॉनचं भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. टेम्प्लेट जाळून काढण्यासाठी तयार पावडर भट्टीत ५५० अंशांपर्यंत हळूहळू, हवेच्या प्रवाहात न्या. भट्टीच्या धुरासाठी एक्झॉस्ट चालू हवा. त्याआधी थोडी पावडर न भाजता बाजूला ठेवा. टेम्प्लेट अख्खा राहिला की तुटला, हे तिच्या कार्बन एनएमआरवरून (रेणूतल्या कार्बनांची मांडणी दाखवणाऱ्या चाचणीवरून) तपासता येतं.