मोटारीच्या आतील प्लास्टिकचा जुना रंग उतरवताना

नवतप्यात नागपूरच्या उन्हात दिवसभर उभ्या राहिलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो. असे उन्हाळे सोसल्यावर आतल्या प्लास्टिकवरचा रंग पोपडे धरतो, आणि मऊ रबरी लेप असेल तर तो उष्णतेने व पावसाळ्यातल्या दमटपणाने काकवीसारखा चिकट होतो. त्यावरच नवा रंग मारला, तर तो जुन्यासकट निघून येतो.

तरीही सगळा रंग मुळापासून काढण्याचा अट्टहास करू नये. ब्लेडने रंगावर बारीक फुली मारावी, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीला रंग लागला नाही, तर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यासह वापरायच्या बारीक पॉलिश कागदाने) पृष्ठभाग नुसता निस्तेज करणे पुरेसे असते.

रंग काढायचाच असेल तर भाग सोडवून बाहेर घ्यावा, आणि क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने उचकटाव्यात, कारण स्क्रू-ड्रायव्हरने कडा चेपतात. ज्या भागामागे एअरबॅग आहे तो स्वतः सोडवू नये आणि एअरबॅगच्या झाकणावर रसायन किंवा रंग यांपैकी काहीही लावू नये.

भाग हातात आला की त्याची मागची बाजू पाहावी. तिथे बहुधा ‘एबीएस’, ‘पीपी’ किंवा ‘पीसी’ अशी प्लास्टिकचा प्रकार सांगणारी रोमन अक्षरांतली खूण कोरलेली असते आणि पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून असतात. खूण नसेल तर मागून खरवडलेला बारीक तुकडा पाण्यात टाकतात. पीपी तरंगते व एबीएस बुडते. परंतु डॅशबोर्डसाठी पीपीमध्ये अनेकदा टाल्कची भुकटी मिसळलेली असते आणि असे पीपी बुडूही शकते, त्यामुळे या चाचणीपेक्षा खूण अधिक भरवशाची.

रंगाच्या दुकानात साधारणतः थिनर सुचवला जातो. तो लोखंडी पत्र्यासाठी ठीक आहे, पण त्यातील टोल्युइन, अॅसिटोन यांसारखी द्रव्ये एबीएसला विरघळवतात. एका ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर मी थिनरचा बोळा जेमतेम अर्धा मिनिट फिरवला होता; रंग निघाला, पण त्याखालची चामड्यासारखी नक्षीही पुसली गेली, आणि ती परत आणण्याचा कोणताही घरगुती उपाय नाही. नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल आणि पत्र्यासाठीचे पेंट रिमूव्हर हेही त्याच कारणाने टाळावेत. हीट गनने रंग सुटतो खरा, पण एबीएस साधारण १०५ अंशांच्या आसपास मऊ पडत असल्याने भाग वाकडा होऊन पुन्हा बसत नाही.

सुरुवात आयसोप्रोपिल अल्कोहोलने करावी. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून दहा मिनिटे वाट पाहावी. प्लास्टिक चिकट किंवा पांढरट झाले नाही, तर भिजवलेले कापड भागावर पसरून वर प्लास्टिकचा कागद गुंडाळावा. हा कागद आवश्यक आहे, कारण नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात अल्कोहोल रंगात मुरण्याआधीच उडून जाते. पंधरा-वीस मिनिटांनी रंग मऊ झाला की जुन्या टूथब्रशने नक्षीच्या खाचांतून तो काढावा. चिकट रबरी लेप या पद्धतीने सहज निघतो. कठीण रंगाला तीन-चार फेऱ्या लागतात आणि काही दोन घटकांचे (हार्डनर मिसळून वापरायचे) रंग अल्कोहोलला अजिबात दाद देत नाहीत. त्यांना घासण्याखेरीज इलाज नाही, पण नक्षीदार भागावर घासणे म्हणजे नक्षी गमावणे, म्हणून तिथे जुना रंग राहू देणेच मला शहाणपणाचे वाटते. सपाट भागाला मात्र ३२० पासून ६०० पर्यंतचा वॉटर पेपर पाण्यासह वापरावा. स्पीडोमीटरच्या पारदर्शक झाकणाला अल्कोहोलचा स्पर्शही होऊ देऊ नये, त्यावर बारीक तडे जातात.

अल्कोहोलची वाफ सामान्य तापमानालाही पेट घेते. म्हणून हे काम मोकळ्या व्हरांड्यात, नायट्राइलचे हातमोजे घालून आणि चालू कूलरपासून दूर करावे, कारण त्याच्या मोटारीची एखादी ठिणगीही पुरते.

शेवटी भाग भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवावा. एबीएसवर धुताना पाणी सलग न पसरता थेंबाथेंबाने गोळा झाले, तर तेलकटपणा शिल्लक आहे असे समजून पुन्हा धुवावे. पीपीवर पाणी स्वच्छ असतानाही गोळा होते. त्याला रंग धरतच नाही, म्हणून त्यावर आधी प्लास्टिकसाठीच्या प्रायमरचा पातळ हात द्यावा लागतो.