पॅलिओतला फ्लॉवरचा भात लगदा होत होता, शेवटी असा सुटसुटीत झाला

पॅलिओ डाएट म्हणजे भात, पोळी, डाळ, दूध सगळं बंद, म्हणून ऑफिसमधून आल्यावर रात्री फ्लॉवरचा भात (तांदळाऐवजी फ्लॉवरचा कीस) आणि अंडी हाच पटकन होणारा प्रकार. पण दरवेळी पाणी सुटून उपम्यासारखा गिचका व्हायचा. तीन आठवडे वैतागले होते अक्षरशः.

झाकण ठेवून वाफवून बघितलं, मिक्सरला फिरवलं (त्यात तर पीठच होतं), पाणी आटेपर्यंत शिजवत बसले, काही उपयोग नाही.

आता जमलं ते असं. फ्लॉवर आदल्या रात्रीच धुवून पंचावर पसरून ठेवायचा, ओला अजिबात घ्यायचा नाही. संध्याकाळी किसणीच्या मोठ्या भोकांनी किसायचा आणि त्याच पंचात घट्ट पिळायचा, मध्यम गड्ड्यातून बरंच पाणी निघतं. लोखंडी कढई चांगली तापवून 2 चमचे खोबरेल तेल, जिरं, कढीपत्ता, मिरची. हिंग नको, बाजारातल्या खड्यात-पावडरीत बहुतेक वेळा मैदा नाहीतर कणीक असते. मग कीस पातळ पसरून मोठ्या आचेवर 2 मिनिटं हातच लावायचा नाही, खालून खरपूस वास आला की 3 मिनिटं परतायचं, झाकण नाही. बाजूला सारून 3 अंडी फोडून भुर्जी करायची, मग एकत्र. मीठ अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर, कारण माझं खरं पाणी आधी घातलेल्या मिठानेच सुटत होतं. मटार घालू नका, ते कडधान्यात येतात.

पिळून ठेवलेला कीस असेल तर 15 मिनिटांत ताट वाढून होतं.