कॉरी पाळताना आणि त्यांची पैदास करताना या चुका टाळा

“तळ साफ ठेवतात” म्हणून दोन कॉरी (कॉरिडोरस, तळाशी राहणारे छोटे मिशाळ मासे) आणून माशांच्या टँकमध्ये सोडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कॉरी विष्ठा खात नाही, काचेवरचं शेवाळही खरवडत नाही. वरच्या माशांच्या उष्ट्यावर ठेवली तर ती खंगत जाते. दिवा बंद केल्यावर बुडणारे पेलेट टाका. एकाच जातीच्या किमान सहा ठेवा. दोन ब्राँझ, दोन पांडा आणि दोन पेपर्ड म्हणजे सहांचा कळप नव्हे.

मिशा झिजल्या की लोक औषधाच्या बाटलीकडे धावतात. अशा टँकची गोष्ट बहुधा एकच असते. पाणी नितळ दिसतं म्हणून तळाकडे कोणी बघत नाही आणि टोकदार खडीच्या फटींत खाणं सडत राहतं. मिशांची टोकं लाल होतात, मग आखूड, शेवटी तोंडाशी नुसती खुंटं उरतात. त्यावर अँटिबायोटिक पडतं. त्याने फिल्टरमधले, घाण पचवणारे उपयोगी जिवाणूही मेले की पाण्यात अमोनिया हे विष चढतं, आणि मिशांपायी न मेलेला मासा अमोनियाने मरतो. खडी काढा, बारीक गोलसर वाळूचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर द्या. दर आठवड्याला वाळूवरची घाण सायफनने ओढा आणि ३० टक्के पाणी बदला. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट, दोन्ही शून्य हवेत. मुळं शाबूत असतील तर मिशा परत वाढतात.

कॉरी अधूनमधून वर झेपावून हवा गिळते, ती आतड्यातून ऑक्सिजन घेते. सारखीच वर जाऊ लागली तर मात्र पाणी तपासा.

जाळीत तिचे काटे अडकतात. डब्याने पकडा.

पैदाशीत घाई नडते. एका मादीमागे दोन नर ठेवा, काही आठवडे जिवंत किंवा फ्रोझन खाणं द्या, मग क्लोरीन काढलेलं, तीन-चार अंश थंड पाणी घालून ४० टक्के बदल करा. अंडी दिली नाहीत म्हणून रोज नवा प्रयोग करू नका. आठवडाभर थांबून तोच बदल पुन्हा करा.

अंडी आईबापच खातात. काचेवरची अंडी तासाभराने, कवच घट्ट झाल्यावर, बोटाने हलकेच घरंगळवून काढा. त्याच टँकचं पाणी भरलेल्या डब्यात ठेवा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) मंद चालवा, पाणी फिकट निळं होईल इतकंच मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारं औषध टाका. पांढरी पडलेली अंडी रोज उचला, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. साधारण तीन ते पाच दिवसांत पिल्लं निघतात.

पिल्लं दिसली रे दिसली की खाणं टाकायची हौस आवरा. पहिले दोन दिवस ती पोटातल्या बलकावर जगतात, तेव्हा टाकलेलं खाणं फक्त सडतं. नंतर अंड्यातून नुकतेच निघालेले ब्राइन श्रिम्प (बारीक कोळंबीसारखे जीव) किंवा मायक्रोवर्म (बारीक जिवंत अळ्या) दिवसातून दोनदा, चिमूटभर. उकडलेल्या अंड्याचा बलक हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही, डब्यातलं पाणी त्याने काही तासांत नासतं. उरलेलं ड्रॉपरने ओढा आणि रोज निम्मं पाणी मोठ्या टँकमधल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने बदला.