नोकिया एन९००वर नवे लिनक्स टाकल्यानंतर टचस्क्रीनचे कॅलिब्रेशन

नोकियाचा एन९०० हा फोन २००९ साली मेमो ५ या प्रणालीसह बाजारात आला. ती प्रणाली काढून त्यावर पोस्टमार्केटओएससारखे आजचे लिनक्स टाकणाऱ्यांना बहुधा एक अनुभव येतो: फोन सुरू होतो, पडदा उजळतो, पण बोट एका चिन्हावर ठेवले की शेजारचे चिन्ह उघडते. पुष्कळ जण येथेच पडदा निकामी झाला असे समजून नवा मागवतात. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा सहा आकडे बरोबर लिहिले की काम होते.

हे आकडे कशाचे, ते आधी समजून घ्यावे. एन९००चा ३.५ इंची, ८०० × ४८० पिक्सेलचा पडदा रेझिस्टिव्ह प्रकारचा आहे, म्हणजे त्याला बोटातील विद्युतभार नव्हे तर दाब कळतो. दाबल्यावर विद्युतवाहक लेप असलेले दोन थर एकमेकांना टेकतात, टेकलेल्या जागी किती व्होल्टेज आहे हे टीएससी२००५ ही चिप मोजते आणि आडव्या व उभ्या दिशेसाठी ० ते ४०९५ यांमधील एकेक आकडा देते. त्या आकड्यांना पिक्सेल ठाऊक नसतात; त्यांची पडद्यावरच्या जागेशी सांगड घालणे म्हणजेच कॅलिब्रेशन, आणि वरचे सहा आकडे त्या सांगडीचे. काचेच्या कडेला वाचन ० न येता चारशे-पाचशेच्या आसपासही येऊ शकते, आणि हा फरक प्रत्येक पडद्यागणिक निराळा असतो; म्हणून दुसऱ्याच्या फोनचे ते सहा आकडे उतरवून घेण्यात अर्थ नाही.

कॅलिब्रेशनला हात घालण्यापूर्वी दोष त्याचाच आहे ना, हे पाहावे. चित्रे काढण्याचे एखादे साधे ॲप उघडून फोनसोबतच्या लेखणीने, पट्टी धरून, सावकाश एक रेघ ओढावी. रेघ सरळ आली पण लेखणीपासून सरकलेली किंवा उलट दिशेने उमटली, तर पुढचे सारे उपयोगी आहे. रेघ तुटत असेल, मध्येच उडी मारत असेल किंवा हात न लावताही ठिपके उमटत असतील, तर कोणतेही आकडे ते दुरुस्त करणार नाहीत. अशा वेळी फोन बंद करून पडद्यावरची प्लास्टिक फिल्म काढावी, कारण तिची कड चौकटीखाली दबली की ते सततचे दाबणे ठरते, आणि जाड कागदाचा कोपरा काच व चौकट यांमधील फटीतून चारही बाजूंनी फिरवावा. एका जुन्या फोनमधून मी असा पापडाचा तुकडा काढला आहे, आणि त्यानंतर कॅलिब्रेशनची गरजच उरली नाही.

आता मोजमाप. फोन यूएसबीने संगणकाला जोडून एसएसएचने, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या सोयीने, आत शिरावे, म्हणजे प्रयोगात स्पर्श पूर्ण बिघडला तरी अडत नाही. पडद्याच्या मापाचे, ८०० × ४८० पिक्सेलचे, एक पांढरे चित्र तयार करावे आणि डावीकडून ८० व ७२०, वरून ४८ व ४३२ पिक्सेलवर फुल्या काढून ते पूर्ण पडद्यावर लावावे. फुल्या मुद्दाम कडेपासून एक दशांश आत घेतल्या आहेत, कारण अगदी कडेचे वाचन भरवशाचे नसते. मग रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने इव्हटेस्ट हे टचस्क्रीनचे कच्चे आकडे दाखवणारे साधन चालवून यादीतून टचस्क्रीन निवडावी, प्रत्येक फुलीवर लेखणी तीनदा टेकवावी आणि तीनपैकी मधला आकडा टिपून ठेवावा. आडवे सरकताना उभ्या अक्षाचाच आकडा बदलत असेल, तर अक्षांची अदलाबदल झाली आहे, हेही येथेच कळते.

समजा डाव्या फुल्यांवर ५९० आणि उजव्या फुल्यांवर ३५४० आले. दोन्हींना ४०९५ने भागल्यावर ०.१४४१ आणि ०.८६४५ मिळतात, आणि आपल्याला हवे आहेत ०.१ आणि ०.९. तेव्हा गुणक = ०.८ ÷ (०.८६४५ − ०.१४४१) = १.११०५, आणि सरक (वाचन किती बाजूला सरकवायचे तो आकडा) = ०.१ − १.११०५ × ०.१४४१ = −०.०६००. उभ्या दिशेला वर ३४८० आणि खाली ६४० आले, तर अक्ष उलटा आहे. तरी रीत तीच राहते आणि गुणक −१.१५३६, सरक १.०८०३ अशी येते. लिबइनपुटला, म्हणजे लिनक्समध्ये स्पर्श व कळा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरला, हे सहा आकडे याच क्रमाने लागतात: १.११०५, ०, −०.०६००, ०, −१.१५३६, १.०८०३. अक्षांची अदलाबदल असल्यास आडव्या दिशेचा गुणक पहिल्याऐवजी दुसऱ्या जागी आणि उभ्या दिशेचा पाचव्याऐवजी चौथ्या जागी जातो.

पडद्यावरचे चित्र सांभाळणारा एक्स सर्व्हर चालू असेल, तर एक्सइनपुट या आज्ञेने टचस्क्रीनच्या 'लिबइनपुट कॅलिब्रेशन मॅट्रिक्स' या गुणधर्मात हे आकडे, शेवटी ०, ० आणि १ जोडून, एकूण नऊ करून भरावेत; परिणाम लगेच दिसतो आणि फोन पुन्हा सुरू केल्यावर पुसला जातो, त्यामुळे चुकीची भीती नाही. त्याच उपकरणाच्या गुणधर्मांच्या यादीत 'कोऑर्डिनेट ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्स' नावाचा गुणधर्मही दिसेल, त्याला हात लावू नये. दोन्ही भरले की दुरुस्ती दोनदा होते. एक्सइनपुट कॅलिब्रेटर वापरण्याचा जुना सल्लाही येथे घोटाळ्यात टाकतो, कारण ते साधन जुन्या इव्हडेव्ह ड्रायव्हरसाठी कमाल-किमान असे चार आकडे काढते आणि ते लिबइनपुटच्या जागी जसेच्या तसे बसत नाहीत.

चाचणी जमली की आकडे कायम करण्यासाठी यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणे ओळखून त्यांची मांडणी लावणाऱ्या सेवेच्या) नियमांच्या फोल्डरात एक छोटी फाइल लिहावी. तिच्यात इव्हटेस्टने दाखवलेले उपकरणाचे नाव अक्षरशः तसेच असावे आणि त्यापुढे कॅलिब्रेशन मॅट्रिक्सचे सहा आकडे मोकळी जागा सोडून लिहावेत. येथे नऊ नव्हे, सहाच. फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी अंक वापरायचे आहेत. फोन पुन्हा सुरू करून त्याच चार फुल्यांवर लेखणी टेकवावी, आणि दोन-तीन पिक्सेलची चूक राहिली तर ती तशीच सोडावी, कारण लेखणीचे टोकच तेवढे जाड असते.