‘टेल’ की ‘से’? सांगितलं, म्हणाला आणि इंग्रजी

‘मी त्याला सांगितलं’ आणि ‘मी त्याला म्हणालो’. मराठीत क्रियापद बदललं तरी ‘त्याला’ जागचं हलत नाही. इंग्रजीत घोळ होतो तो नेमका इथे. ‘टेल’ला माणूस थेट चिकटतो: ‘आय टोल्ड हिम’. ‘से’ला माणूस जोडायचा तर मध्ये ‘टू’ लागतो: ‘आय सेड टू हिम’. म्हणून ‘शी सेड मी’ चूक आणि ‘आय टोल्ड टू हिम’ही चूक. एका वाक्यात ‘टू’ राहून गेलाय, दुसऱ्यात उगाच घुसलाय. तो घुसतो कारण ‘ला म्हणजे टू’ हे समीकरण शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं.

तोंड उघडण्याआधी एवढंच पाहा: कोणाला सांगितलं, ते वाक्यात येणार आहे का? येणार असेल तर ‘टेल’ आणि त्याच्या पाठोपाठ लगेच माणूस. येणार नसेल तर ‘से’. ‘डॉक्टरांनी आराम करायला सांगितलंय’ याचं ‘डॉक्टर टोल्ड टू टेक रेस्ट’ असं इंग्रजी आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. त्यात माणूस गायब आहे. ‘द डॉक्टर टोल्ड मी टू रेस्ट’ म्हणा, नाहीतर ‘द डॉक्टर सेड टू रेस्ट’. दोन्ही चालतात.

माणसाशिवायही ‘टेल’ येतो अशा जागा थोड्या आहेत, त्या पाठच कराव्यात: टेल द ट्रूथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी, टेल अ जोक, टेल द टाइम. ‘से अ लाय’ कोणी म्हणत नाही. ‘से’कडे हॅलो, सॉरी, थँक यू, येस, नो आणि प्रार्थना. प्रार्थना ‘म्हणणं’ इथे बरोबर जुळतं. पण आपण गाणंही म्हणतो, कविताही म्हणतो आणि पाढेही म्हणतो. तिथे ‘से’ लावू नका. गाण्याला ‘सिंग’, कवितेला आणि पाढ्यांना ‘रिसाइट’.

पाटीवर, पत्रात किंवा घड्याळात जे दिसतं त्यालाही ‘से’च. ‘पाटीवर काय लिहिलंय?’ म्हणजे ‘व्हॉट डझ द साइन से?’ यात ‘रिटन’ आणायची गरज नाही.

आता खरा खड्डा: ‘की’. ‘दादा म्हणाला की मी उद्या पैसे देतो.’ मराठीत हे स्वच्छ आहे, ‘मी’ म्हणजे दादा. हेच शब्दाला शब्द ठेवून ‘ही सेड दॅट आय विल पे टुमॉरो’ म्हटलंत, तर ऐकणारा समजणार की पैसे तुम्ही देणार आहात. घरात असं झालं तर हसून सोडून देता येतं, उधारीच्या व्यवहारात महागात पडेल. दुरुस्ती अशी करायची. आधी माणूस बदला: ‘मी’चा ‘तो’ करा, ‘आय’च्या जागी ‘ही’. मग काळ एक पायरी मागे न्या: ‘विल’चं ‘वुड’. झालं, ‘ही सेड ही वुड पे टुमॉरो’. ‘दॅट’ बोलताना बहुतेक वेळा गळतोच. ‘टुमॉरो’ मात्र शाळेतल्या नियमाप्रमाणे डोळे झाकून ‘द नेक्स्ट डे’ करू नका. निरोप त्याच दिवशी देत असाल तर उद्या अजून उद्याच आहे. तेव्हा ‘विल’ ठेवलं तरी बिघडत नाही. आठवड्याने सांगत असाल तर ‘वुड’ आणि ‘द नेक्स्ट डे’.

काम सांगताना साचा एकच: टेल, माणूस, टू, क्रियापदाचं मूळ रूप. ‘तिला थांबायला सांग’ म्हणजे ‘टेल हर टू वेट’. ‘थांबू नको म्हणून सांग’ असेल तर ‘नॉट’ हा ‘टू’च्या आधी: ‘टेल हर नॉट टू वेट’. भूतकाळात फक्त ‘टेल’चं ‘टोल्ड’ होतं, पुढचं क्रियापद हलत नाही. ‘टोल्ड हिम टू केम’ चूक, ‘टोल्ड हिम टू कम’ बरोबर.

इथे मानाचाही प्रश्न येतो. ‘सरांना सही करायला सांग’ यातला ‘सांग’ मराठीत विनंतीही असतो. ‘टेल सर टू साइन’ यात मात्र हुकूम ऐकू येतो. वरिष्ठ, पाहुणे, अनोळखी माणूस यांच्या बाबतीत ‘आस्क’ वापरा: ‘आस्क हिम टू साइन इट’. तसंच समोरच्याला थेट ‘टेल मी युअर नेम’ म्हणणं चौकीतल्या चौकशीसारखं वाटतं. ‘मे आय हॅव युअर नेम?’ बरं. फोनवरच्या ‘हां, बोला’ला ‘स्पीक’ नको, ‘येस, गो अहेड’ म्हणा.

रस्ता विचारताना ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन?’ हे वाक्य चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडूनही निसटतं. ‘कॅन यू’ने प्रश्न आधीच विचारून झालाय, पुढचा तुकडा साधा ठेवायचा: ‘व्हेअर द स्टेशन इज’. ‘इज’ शेवटी.

‘काल सांगितलं होतं ना तुला!’ यातल्या ‘होतं’मुळे आपण ‘आय हॅड टोल्ड यू यस्टरडे’ म्हणतो. ‘आय टोल्ड यू यस्टरडे’ पुरे. ‘हॅड’ लागतो तो दोन जुन्या घटनांपैकी आधीची दाखवायला: तो निघाला, त्याआधीच मी सांगितलं होतं. मराठीतला ‘होतं’ बरेचदा नुसता जोर देतो, इंग्रजीतला ‘हॅड’ ते काम करत नाही.

‘एक्स्प्लेन’ आणि ‘सजेस्ट’ यांची चाल ‘से’सारखी: ‘एक्स्प्लेन मी’ नाही, ‘एक्स्प्लेन इट टू मी’.

उच्चार. ‘सेड’चं यमक ‘बेड’शी जुळतं, ए आखूड. तोंड जास्त उघडून ‘सॅड’ झालं तर अर्थ दुःखी. ‘ही’, ‘शी’च्या पुढे ‘से’चं जे ‘सेज’ होतं त्यातही ए आखूडच, आणि शेवटचा आवाज ‘जर’मधल्या ‘ज’च्या जवळचा, ‘जन्म’मधल्या नव्हे.

‘टेल’चा आणखी एक अर्थ ओळखणं, फरक कळणं. ‘आय कान्ट टेल’ म्हणजे ‘सांगणार नाही’ नव्हे, ‘मला कळत नाहीये’. जुळ्या भावांबद्दल ‘आय कान्ट टेल देम अपार्ट’: कोण कुठला ते ओळखू येत नाही. ‘शी टोल्ड मी ऑफ’ म्हणजे तिने मला झापलं, आणि ‘ही टोल्ड ऑन मी’ म्हणजे त्याने माझी चहाडी केली. या शब्दाचा जुना अर्थ मोजणं. जर्मनमध्ये मोजण्याला ‘त्सेलन’ आणि डचमध्ये ‘टेलन’ म्हणतात ते याचेच भाऊबंद. बँकेतला ‘टेलर’ म्हणूनच नोटा मोजणारा, कपडे शिवणाऱ्या टेलरशी त्याचं काही नातं नाही, आणि ‘ऑल टोल्ड’ म्हणजे सगळे धरून, एकूण.